देव न मानणाऱ्या घरातही पत्रिका का बघतात?

नळस्टॉप

माझ्या भाचीचं लग्न ठरता ठरता मोडलं. मुलगा-मुलगी दोघंही हिंजवडीत नोकरीला. एकमेकांना पसंत होते, दोन्ही घरच्या भेटी झाल्या होत्या, कार्यालयांची चौकशीसुद्धा सुरू झाली होती. मग मुलाच्या आईचा फोन आला. "आमचा तसा काही विश्वास नाही हो, पण एकदा बघून घेतलेलं बरं." बघितलं, एकनाडी निघाली (दोघांची नाडी एकच, पत्रिकेत तो दोष धरतात), आठवड्याभरात नकार आला. मुलाचे वडील निवृत्त प्राध्यापक. घरात देवघर नाही, सत्यनारायण कधी झालेला नाही.

त्या लोकांना मी ढोंगी म्हणणार नाही. ते देव मानत नाहीत हे खरंच आहे. मला पडलेला प्रश्न असा की श्रद्धा गेली तरी तिने लावलेलं वळण मागे कसं राहतं? माझं मत सांगतो, त्यावर बोला. काय मानायचं ते धर्म आणि संस्कृती शिकवतात, पण ते त्यांचं लहान काम. कशाची धास्ती घ्यायची आणि कशाची चौकशीसुद्धा करायची नाही, हे त्या आपल्या नकळत ठरवून टाकतात, ते मोठं काम. नाडीची धास्ती वाटते, रक्ततपासणी मात्र कोणाला आठवत नाही.

थोडं गणित करू. मंगळ लग्नस्थानापासून (म्हणजे पत्रिकेतल्या पहिल्या घरापासून) १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच स्थानं. परिहार, म्हणजे दोष न धरण्याचे अपवाद, बाजूला ठेवले तर शंभरातल्या चाळीसएक जणांना मंगळ असणारच. नाड्या तीन, सत्तावीस नक्षत्रं त्यांत नऊ-नऊ वाटलेली. डोळे मिटून कुठलीही दोन माणसं उभी करा, साधारण तीनपैकी एका जोडीची नाडी एक निघेल आणि छत्तीसपैकी आठ गुण तिथेच जातील. एवढं गणित त्या घरात प्रत्येकाला येतं.

शिवाय या दाव्यांची परीक्षा आपल्याच गावात झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० दिल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. २००९ मध्ये हा अभ्यास 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. गणेशखिंडीत आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस, नारळीकर, यात होता, तरी त्याच गणेशखिंडीवरून रोज हिंजवडीला जाणारी मुलं नाडीवर अडतात. का?

पंचांगवाचक

असहमत. नोकरी सांभाळून मी अनेक वर्षं पत्रिका बघत आलोय, कोणाकडून पैसे घेत नाही, म्हणून थोडं लिहितो.

त्या चाचणीत भाग घ्यायला ५१ जण तयार झाले होते, उत्तरं २७ जणांची आली. २७ जण चुकले म्हणजे शास्त्र चुकलं असं मला वाटत नाही. पण तो वाद बाजूला ठेवू, कारण तुमच्या भाचीच्या गोष्टीत तो मुद्दाच नाही.

स्थळं बघताना 'पत्रिका जुळत नाही' या तीन शब्दांचा केवढा आधार असतो हे ज्यांनी मुली उजवल्यात त्यांना विचारा. मुलाला मुलगी आवडली नाही, मुलीला मुलाचं बोलणं खटकलं, बापावर कर्ज आहे, घर भाड्याचं आहे, मुलगी सासूपेक्षा जास्त शिकलेली आहे... यातलं एकही कारण तोंडावर सांगता येत नाही. पत्रिका सांगता येते. कोणाचा अपमान होत नाही, पुढे कुठल्या लग्नात समोरासमोर आलो तर नमस्कार करता येतो. ही सोय समाजाने विचारपूर्वक केलेली आहे. ती काढून घेतलीत तर खरी कारणं ऐकायची तयारी आहे का?

आणि जाणकार माणूस एकनाडीवर लग्न मोडायला सांगत नाही. नक्षत्र एक आणि चरण वेगळे असले तर दोष धरत नाहीत, असे बरेच परिहार आहेत. तुमच्या व्याह्यांनी ते विचारले नाहीत. मला वाटतं त्यांना नकारच द्यायचा होता.

तुळशीबागेतून

पंचांगवाचक काका, ही सोय कोणाच्या खर्चाने होते तेही लिहा ना.

मुलगा नाकारला तर तो दुसरं स्थळ बघतो. मुलीच्या बाबतीत 'कडक मंगळ आहे हो' हे वाक्य तिच्याआधी पुढच्या घरी पोचलेलं असतं. वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर 'मंगळ : आहे / नाही / सौम्य' असा रकाना असतो. माझ्या मावसबहिणीने तो भरताना पेन टेबलावर ठेवून दिलं होतं. बँकेत अधिकारी आहे ती, लाखोंची कर्जं मंजूर करते. पुढे तिच्या आईने 'सौम्य' वर खूण केली. आम्ही कोणी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

नकार सभ्यपणे दिला म्हणून तो ज्याला लागायचा त्याला लागत नाही असं होत नाही. नकार 'तुझ्या जन्मवेळेतच खोट आहे' असा येतो तेव्हा मुलगी कोणाशी भांडणार? कर्ज फेडता येतं, शिक्षण वाढवता येतं. जन्मवेळेचं काय करणार?

ताळेबंद

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. तुम्ही सगळे श्रद्धेला फार मोठं करताय.

पत्रिका बघायला देतात तेव्हा जात बघून झालेली असते. पोटजात झालेली असते. शहाण्णव कुळी की नाही ते झालेलं असतं, देवक विचारलेलं असतं, ब्राह्मणांत कोकणस्थ-देशस्थ-कऱ्हाडे झालेलं असतं. फ्लॅट कुठल्या बाजूला आणि किती खोल्यांचा तेही झालेलं असतं. एवढ्या चाळण्यांतून जे उरतं त्यावर नाडीची शेवटची चाळणी. नळस्टॉप शेवटच्या चाळणीवर धागा काढतात आणि पहिलीबद्दल एक ओळही लिहीत नाहीत.

आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला त्यात हेच सांगितलं होतं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यावर. लोकांच्या डोक्यातल्या देवाधर्माच्या कल्पना या व्यवस्थेमागून येतात, तिला टेकू द्यायला. देव मानणं सोडलं तरी त्या प्राध्यापकांनी जमीन, आडनाव, नातेवाईक यांतलं काय सोडलं? काहीच नाही. मग वागणं कशाला बदलेल?

नळस्टॉप

ताळेबंद, पहिल्या चाळणीबद्दल तुमचं म्हणणं मान्यच आहे, माझं लिहिणं तिच्या विरोधात नाही. पण टेकू म्हणून सोडून देऊ नका. नुसत्या मालमत्तेसाठी कोणी पोटच्या मुलीला वर्षानुवर्षं घरात बसवत नाही. पाप लागेल, वंश बुडेल, पितर तळमळतील, असं काहीतरी आत रुजलेलं असावं लागतं. हिशेब पुढच्या पिढीत बदलतो, ही भीती बदलत नाही.

औषधवाला

पेठेत औषधाचं दुकान आहे, त्यामुळे धर्म आणि विचार यांवरचं माझं मत काउंटरवरच तयार झालंय.

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी एकदम वाढते. नॉरएथिस्टेरॉन. कंपनीच्या माणसाला आम्ही आधीच सांगून जास्त माल ठेवतो. घ्यायला येणाऱ्यांत शिक्षिका असतात, आयटीतल्या मुली असतात, एकदा एक नर्स होती. बऱ्याच वेळा मुलगी येतच नाही, नवरा येतो आणि हळू आवाजात नाव सांगतो. चिठ्ठी मागितली की "दरवर्षी घेते ती" असं उत्तर. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, हे तीन दिवस निभावले की झालं. सोळा भाज्या कोण करणार, हा प्रश्न असतो.

रक्ताची गुठळी होण्याचा त्रास आधी झालेल्या बाईला, यकृताचा विकार असलेल्या बाईला ही गोळी डॉक्टरला न विचारता घेणं धोक्याचं आहे. मी प्रत्येकीला विचारतो. मला हमखास मिळणारं उत्तर : "काका, मी मानत नाही, पण घरात नको ना वाद."

नळस्टॉपनी रक्ततपासणीचं लिहिलंय त्यात भर घालतो. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, म्हणजे 'मायनर', असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. त्या मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागतं. लग्नाआधी एक साधी तपासणी केली की कळतं. 'संततीला त्रास' हे एकनाडीचं कारण सांगतात ना? ज्याने संततीला खरोखर त्रास होतो ती तपासणी करून आलेलं जोडपं माझ्या ओळखीत एकही नाही.

माळकरी

इथे धर्म म्हणजे फक्त भीती असं चित्र उभं राहिलंय. त्याला माझा विरोध आहे.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आजोबांच्याही होती. माझ्या विचारांवर धर्माचा प्रभाव आहे असं कोणी म्हटलं तर मी हो म्हणेन, आनंदाने म्हणेन. दारू शिवलो नाही ते माळेमुळे. दुसऱ्याच्या पाया पडताना तो कोण, काय करतो हे विचारत नाही ते वारीमुळे. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी येते तेव्हा दोन दिवस पेठांत जाऊन बघा. वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसलेली माणसं सगळ्या जातींची आणि धर्मांची असतात, कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही. हे कुठल्या कायद्याने शिकवलं? हेही संस्कृतीनेच घडवलेलं डोकं आहे.

आणि ज्या सुधारकांची नावं तुम्ही लोक घेता ते बहुतेक देव मानणारे होते. जोतीराव निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. रानडे, भांडारकर प्रार्थना समाजाचे, तुकोबांचे अभंग म्हणणारे. विठ्ठल रामजी शिंदे तर प्रार्थना समाजाचे प्रचारकच, १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन काढलं. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसलेले साने गुरुजी नास्तिक होते का? विठ्ठलावर जीव होता म्हणून तर बसले.

तुळशीबागेतून

माळकरी दादा, शेवटच्या परिच्छेदाला नमस्कार. पण प्राणांतिक उपोषण कोणापुढे करावं लागलं? विठ्ठलाचं नाव रोज घेणाऱ्यांपुढेच ना? चोखोबांची समाधी देवळाबाहेर आहे. ज्ञानोबांचं नाव सहाशे-सातशे वर्षं घेत राहूनही दार १९४७ साली उघडलं. श्रद्धेने माणूस मऊ होतो हे तुमच्याकडे बघून पटतं, पण मग ते बडवे, ते पहारेकरीही त्याच श्रद्धेत वाढले होते. तीच माळ दोघांच्या गळ्यात होती.

जुनं पुणं

वाद चांगला चाललाय. इथल्याच इतिहासातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण 'संस्कृती विचार ठरवते' हे विधान मला फार ढोबळ वाटतं. एकाच संस्कृतीतली, एकाच गावातली, एकाच जातीतली माणसं टोकाची वेगळी निघालेली आहेत.

१८७३ घ्या. न्यायमूर्ती रानडे ३१ वर्षांचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारली. वडिलांनी विधवेशी लग्न होऊ दिलं नाही, अकरा वर्षांची रमाबाई घरात आणली. रानड्यांचा विचार पक्का होता, वडिलांपुढे तो टिकला नाही. आता १८९३ घ्या. धोंडो केशव कर्वे, तेही चित्पावन, तेही विधुर. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवेशी पुण्यात लग्न केलं. मुरूडला गावाने बहिष्कार टाकला तो सोसला, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. रानड्यांनी कमी पडून काय केलं हेही बघा. त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी शिकवलं, आणि पुढे तिनेच पुण्यात सेवासदन उभं केलं. म्हणजे रूढीला शरण गेलेल्या माणसाच्या घरातूनही सुधारणा निघाली. हे 'संस्कृतीने घडवलेलं डोकं' या चौकटीत कसं बसवायचं?

१८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण घ्या. मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक, रानडे यांच्यासकट अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई. शंकराचार्यांपर्यंत वाद गेला. प्रायश्चित्त घेणाऱ्यांत रानडेही होते. चहाने धर्म बुडतो असं रानड्यांना वाटत होतं असं कोण म्हणेल? घरात लेकी-बहिणी होत्या, श्राद्धाला भटजी मिळायला हवा होता, मित्र अडचणीत आले होते. औषधवाल्यांच्या काउंटरवरचं "घरात नको ना वाद" मला या प्रकरणात ऐकू येतं.

तिसरी गोष्ट १८९७ ची. प्लेगमध्ये पुणेकरांनी रोगी लपवले, तपासणीला विरोध केला, आणि इंग्रजांनी तो 'नेटिवांच्या अंधश्रद्धे'च्या खात्यावर टाकला. प्रत्यक्षात रँडचे सोल्जर बूट घालून देवघरापर्यंत जात होते, सामान बाहेर फेकत होते, माणसं उचलून नेत होते. हा विरोध धर्माचा होता, अब्रूचा होता की सरकारच्या दंडेलीला होता? त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. त्यांनाही याच गावाने घडवलं होतं. लोकांच्या वागण्यामागे धर्म आहे असं लगेच म्हणणं फार सोपं असतं, विशेषतः दुसऱ्याबद्दल बोलताना.

कॅम्पातून

जुनं पुणं यांच्या शेवटच्या वाक्यावर लिहायचं होतं.

मी मुसलमान आहे, जन्म कॅम्पातला, शाळा मराठी. कोथरूड भागात घर भाड्याने बघत होतो. फोनवर सगळं ठरलं, नाव सांगितल्यावर "सोसायटीची मीटिंग आहे, कळवतो." कळवलं नाही. एजंटने नंतर सांगितलं, "साहेब, त्यांचं तुमच्यावर काही नाही, पण त्यांच्याकडे कडक शाकाहारी, सोवळं आहे." म्हणजे त्यांच्या बाजूने ती परंपरा. तोच मालक माझ्या बहिणीचा बुरखा बघून म्हणेल की धर्माने यांची डोकी बंद केलीत.

आमच्याकडे सगळं ठीक आहे असं म्हणायला आलेलो नाही. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या लोकांनी त्यांना काय काय म्हटलं ते मी घरात ऐकलंय. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१७ मध्ये. मधली पन्नास वर्षं आमच्या कितीतरी बायका रस्त्यावर आल्या, आणि त्यांच्या नात्यातले शिकलेले पुरुष 'हा शरियतचा मामला आहे' म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल नळस्टॉप बोलतायत ते मला शंभर टक्के पटतं.

फक्त एक मागणी आहे. हा नियम सगळ्यांना सारखा लावा. माझ्या घरात दिसली की कट्टरता आणि तुमच्या घरात दिसली की संस्कार, असं नको.

सिंहगड रस्ता

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझे यजमान गेले त्याला काही वर्षं झाली. नोकरी चालू आहे, मुलगा मोठा आहे. आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू क्लब हाउसमध्ये असतं. मंडळात सगळ्या माझ्या मैत्रिणी. सकाळी एकत्र चालायला जातो, एकमेकींच्या आजारपणात डबे केलेत. यजमान गेले त्या वर्षी मला बोलावणं आलं नाही, ते मी समजू शकले. पुढच्या वर्षी आलं. गेले. रांगेत एकेकीला हळदकुंकू, अत्तर, तिळगूळ, वाण. ताट माझ्यापर्यंत आलं. जिच्या हातात होतं ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचा हात करंड्यापाशी थांबला, मग तिने तिळगूळ दिला, "गोड बोल गं" म्हणाली आणि पुढे गेली. वाण दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईबरोबर घरी पाठवलं. स्टीलचा डबा होता.

मी अशुभ आहे असं तिला वाटत नाही. मला खात्री आहे. तिथल्या एकीलाही वाटत नसेल. तिची मुलगी परदेशी निघाली तेव्हा दारात औक्षण करायला तिने मला हाक मारली होती, तेव्हा क्लब हाउसमधल्या कोणी बघायला नव्हत्या. एकटी असताना तिचा विचार वेगळा असतो आणि चाळीस बायकांसमोर वेगळा.

म्हणून ताळेबंद, तुमचा पैशाअडक्याचा मुद्दा मला इथे लावता येत नाही. त्या बोटभर कुंकवात कोणाची जमीन जाणार होती? आणि नळस्टॉप, पापाची भीतीही नव्हती हो. प्रत्येकीला दुसरी काय म्हणेल एवढंच होतं. चाळीसच्या चाळीस जणी अशाच विचारात असणार.

पंचांगवाचक

ताई, वाचून वाईट वाटलं. ही रूढी आहे, धर्म नव्हे. धर्म दया शिकवतो. तुमच्या मैत्रिणीने कुंकू लावलं असतं तर कुठलंही शास्त्र आडवं आलं नसतं असं मी माझ्यापुरतं ठामपणे सांगतो. माझ्या सुनेला मी सांगितलंय की आपल्याकडे सगळ्यांना बोलवायचं, सगळ्यांना लावायचं.

ताळेबंद

काका, तुम्ही घरात ते केलंत याबद्दल आदर आहे. पण 'ही रूढी, धर्म नव्हे' हे वाक्य धर्माला फार स्वस्तात सोडवतं. चोखोबांना बाहेर ठेवणं रूढी, केशवपन रूढी, मंगळ रूढी, हळदीकुंकू रूढी. वारीतला समतेचा भाग तेवढा धर्म. चांगलं ते धर्माच्या नावावर आणि वाईट ते रूढीच्या नावावर जमा होत राहिलं तर धर्माची परीक्षा कधीच होणार नाही.

सिंहगड रस्ता, तुमच्या प्रसंगावर मी माझा हिशेब लादणार नाही. एवढंच म्हणेन की 'सवाशीण' हा दर्जा नवऱ्यावर टांगलेला आहे, आणि तो तसा टांगण्यात एके काळी वारसाहक्काचे फार रोकडे हिशेब होते. हिशेब संपले, टांगणं राहिलं.

नळस्टॉप

सिंहगड रस्ता यांनी लिहिलेलं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

एक उदाहरण पुढे ठेवतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. त्या ठरावात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की गावातल्या कोणाचीही श्रद्धा त्यांनी तपासली नाही. सगळ्यांनी सगळ्यांसमोर हात वर केले, त्यामुळे 'दुसरी काय म्हणेल' हे उरलं नाही. तुमच्या चाळीस जणींना हेच करता येणार नाही का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर तासभर भांडतो आपण. पुढच्या संक्रांतीआधी हा विषय मांडा, मी लिहायला मदत करतो.

माळकरी आणि जुनं पुणं, तुमच्यामुळे माझ्या मताला एक जोड द्यावी लागेल. श्रद्धा माणसाला वर उचलते हे मी नाकारत नाही. पण उचलली गेलेली माणसं एकटी उभी राहिलेली दिसतात, कर्वे मुरूडला बहिष्कृत, दलवाई त्यांच्या समाजात बहिष्कृत. दाभोलकर तर फक्त अंधश्रद्धेवर बोलत होते, देवावर नाही, आणि २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना याच गावात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. तो पूल माळकरींनी वर उल्लेख केलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाचा आहे. जादूटोणाविरोधी कायदा इतकी वर्षं अडला होता, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत निघाला.

माळकरी

ठराव करा, मी पाठीशी आहे. पण त्या मीटिंगमध्ये 'अंधश्रद्धा' हा शब्द काढू नका. काढलात की निम्म्या बायका उठून जातील. त्यांना सांगा, जनाबाई दळताना, कांडताना विठ्ठलाला सोबत बोलवायची. देवाने तिला विचारलं नाही तुझा नवरा कुठे आहे.

तुळशीबागेतून

सिंहगड रस्ता ताई, मीटिंगला कोणी सोबत हवं असेल तर मी येईन.

मूळ विषयावर एक सांगते. मावसबहिणीचं झाल्यानंतर आम्ही माझ्या भावाच्या बायोडेटातून जन्मवेळ आणि जन्मस्थळ काढून टाकलं. नुसती जन्मतारीख. 'पत्रिका बघत नाही, दिली जाणार नाही, थॅलेसेमियासह वैद्यकीय तपासणी दोघांनी करावी' अशी ओळ घातली. फोन कमी आले, पण ज्यांचे आले त्यांच्याशी पहिल्या दहा मिनिटांत मोकळं बोलता आलं.

पंचांगवाचक

जन्मवेळ काढलीत हे तुमचं स्वातंत्र्य आहे. पोटजातीचा रकाना ठेवलात की काढलात?

तुळशीबागेतून

काढला काका. आईने आठ दिवस अबोला धरला, मग स्वतःच म्हणाली की आडनावावरून लोक ओळखतातच. तसंच झालं. दुसऱ्या जातीतून आलेले फोन दोन, त्यातल्या एकीला भाऊ येत्या रविवारी भेटतोय. आई येणार नाही म्हणते, बाबा जाणार आहेत.